नवमीनंतरची काच

पवनारला माझ्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी सात-आठ मुलं येतात. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण फळा काही सुटला नाही. या वर्गाचा नियम एकच आहे. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, चुकलं असेल तर ‘चुकलं’ म्हणायचं, पण गप्प बसायचं नाही. शाळेत होतो तेव्हाही हाच नियम होता.

मोहिनी थूल तेव्हाची माझी विद्यार्थिनी. तिचे वडील बाबाराव आर्वी डेपोत कंडक्टर होते. पुढे ते लोक बोरगाव मेघेला राहायला गेले, पण मोहिनीनं येणं सोडलं नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती पाच वर्षांपासून काचेवर संशोधन करत होती. काचेत एर्बियम नावाचा दुर्मिळ धातू अगदी थोडा मिसळायचा आणि ती काच मिळालेल्या ऊर्जेतली किती उजेड म्हणून परत देते, हे मोजायचं.

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी ती माझ्या वर्गात आली. सोबत एक बंद पेटी होती. मुलांच्या डोळ्यांवर तिनं जाड हिरवट चष्मे चढवले आणि पेटीची कळ दाबली. पेटीतल्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या वाटेत बोराएवढा काचेचा तुकडा होता, तो आतून हिरवा पेटला. काजव्यासारखा, पण न मिणमिणता.

“ताई, हे करंट कुठून घेऊन राह्यलं?” रोशननं विचारलं.

मोहिनीनं अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. “समज, एर्बियम म्हणजे तू. लेझरनं तुला त्या फांदीवर चढवलं. आता खाली यायचे दोन रस्ते. एक म्हणजे उडी.”

“उडी मारली त आई मारते.”

“एर्बियमला आई नाही. त्यानं उडी मारली की उजेड निघतो. दुसरा रस्ता शिडीचा. शिडीनं उतरला तर उजेड नाही, आवाज नाही, नुसती ऊब. ऊर्जा गेलीच म्हणून समज.”

“शिडी कोण लावते?” मेघानं विचारलं. ही मुलगी दहा वर्षांची आहे आणि नेमकं विचारते.

“काच लावते. काचेतले अणू सारखे हलत असतात, ते हलणं म्हणजेच शिडी. साध्या काचेच्या शिडीला पायऱ्या उंच असतात, तीन-चार पावलांत माणूस खाली. माझ्या फ्लोराइडच्या काचेच्या पायऱ्या बुटक्या आहेत. सात-आठ पायऱ्या एकदम उतरणं जमत नाही, म्हणून बिचारा उडीच मारतो.”

“मंग तुमची काच कधी बिघडतच नाई?”

“बिघडते. पाण्यानं. आत पाण्याचा नुसता अंश राहिला तरी तो फार उंच पायरीची शिडी लावतो. दोन पावलांत खाली. आणि एकच पोरगा उतरतो असं नाही. फांदीवरची पोरं आपापली ऊर्जा हातोहात पुढे देतात, देता देता ती पाण्याजवळच्या पोरापाशी पोचते, आणि तिथं सगळ्यांची संपते. म्हणून जिची काच करते ती पावडर मी कोरड्या डब्यात ठेवते. पाणी माझा शत्रू आहे.”

तिनं हे माझ्या पडवीत, माझ्यासमोर सांगितलं. मी मान डोलावत होतो.

मुलांनी लॅब पाहायचा हट्ट धरला. ती म्हणाली, “दसऱ्यानंतर या. मी स्वतः दाखवीन.”

त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला. नवमीच्या आदल्या दिवशी कवडूचा फोन आला. कवडू त्या लॅबचा परिचर, कंत्राटावरचा, हाही माझाच विद्यार्थी. “सर, उद्या यंत्राईची पूजा आहे. मोहिनी मॅडमचे गाइड भोयर सर बाहेरगावी आहेत. तुमच्या हातून झाली त बरं वाटन. पोट्ट्याईले बी आणजा.”

खंडेनवमीला सुतार आपल्या रंध्याची पूजा करतो, ड्रायव्हर गाडीची करतो, तशी लॅबमध्येही होते. मोहिनी त्या दिवसांत वर्ध्याला नसते. दसऱ्याला तिचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जातं, तिथं येणाऱ्यांना जेवण वाढायच्या कामाला ती दोन दिवस आधीच जाते. ती पूजा करत नाही, पण कवडूनं भट्टीच्या दाराला कुंकू लावलं तर काही म्हणतही नाही.

तिनं दसऱ्यानंतर या म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. मुलांना सुटी होती, पूजेचं बोलावणं होतं. मी त्यांना घेऊन बसनं वर्ध्याला गेलो.

भट्टीला, तराजूला, लेझरच्या पेटीला हळद-कुंकू झालं. झेंडूचे हार झाले. नारळ फुटला. मग कवडू म्हणाला, “सर, मेन गोष्ट त राहूनच गेली.”

“कोणती?”

“मूस. प्लॅटिनमची. तिच्यातच त काच शिजते. सोन्यासारखी जपते मॅडम तिले. थे डब्यात आहे.”

डबा म्हणजे टेबलाएवढी पारदर्शक पेटी. समोर दोन रबरी हातमोजे आत लोंबलेले, त्यांत बाहेरून हात घालून काम करायचं. आत नायट्रोजन भरलेला, एका ताटलीत निळे दाणे. ओल शोषली की हे दाणे गुलाबी होतात. एका बाजूला लहान दार, पेच फिरवून बंद केलेलं.

“डबा उघडलेला चालतो का रे?”

“पाच मिंटाचं काम आहे, सर. मॅडम त दिवसभर त्यात हात घालून राह्यते.”

ती हातमोज्यांतून हात घालत होती, दार उघडून नव्हे. हा फरक कवडूला कळत नव्हता असं म्हणता येईल. मला कळत होता. पण मुलं ओळीनं उभी होती, माना पुढे काढून. मुलं समोर अशी उभी राहिली की दाखवण्याचा मोह मला आवरत नाही. शिकवणं आणि मिरवणं यांत बोटभर अंतर असतं. त्या दिवशी ते मी ओलांडलं.

मी मुलांना म्हणालो, “पवित्र वस्तू आहे. आधी हात धुऊन या.”

सगळी मुलं नळावर जाऊन हात धुऊन आली. पुसायला फडकं नव्हतं. मी दार उघडलं, मूस बाहेर काढली. लिंबाएवढं पांढरं, जड भांडं. कवडूनं तिच्यावर पळीभर पाणी सोडलं, कुंकू लावलं. ओल्या ओंजळीतून ओल्या ओंजळीत ती सगळ्यांकडे फिरली. “लय भारी आहे बे,” रोशन म्हणाला. मग मी आतली पांढरी बरणी काढली. आतली पावडर विषारी असते, म्हणून मुलांना दूर उभं केलं. झाकणावरची पट्टी सोलली, झाकण काढलं आणि लांबूनच दाखवलं, “बघा, मिठासारखी दिसते. हिच्यातून तो हिरवा उजेड येतो.” पट्टी पुन्हा चिकटली नाही. मी झाकण नुसतं फिरवून ठेवलं. कवडूनं ओली मूस आत ठेवली, तिच्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं, दार लावलं.

नवमी, दसरा, मग जोडून आलेल्या सुट्या. चार दिवस ते फूल त्या बंद पेटीत होतं.

नोव्हेंबरच्या वीस तारखेला मोहिनी घरी आली. चहा पुढे ठेवला तो तसाच राहिला.

“सर, काच होईना झाली.”

तिच्या पहिल्या तीन तुकड्यांचे आकडे उत्तम होते. लेझर बंद केल्यावरही काच सेकंदाचे नऊ हजारांश एवढा वेळ उजेड देत राहायची. आपल्याकडे एवढ्या साध्या सामानात कोणी हे केलं नव्हतं. म्हणून विद्यापीठाच्या समितीनं सांगितलं होतं, आमच्यासमोर पुन्हा एकदा करून दाखवा. तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर. तिच्या नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपत होती आणि एक वाढ आधीच घेऊन झाली होती.

“दसऱ्यानंतर दोनदा ओतली. दोन्ही वेळा नऊच्या जागी अडीच. हिरवा रंग तर दिसतो न दिसतो.”

“भोयर सर काय म्हणतात?”

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “विचारून राह्यले, पहिले तुकडे कुठून आणले. म्हणे बाहेर विकत मिळतात असे. मला म्हणाले, तुमच्यापैकी एवढ्या पुढं आलेल्या मुलीनं असं करावं का.”

‘तुमच्यापैकी’ हा शब्द तिनं जसाच्या तसा सांगितला आणि पुढं गेली.

“ओल?” मी विचारलं.

“पहिला संशय तोच घेतला, सर. पण दाणे निळे आहेत. अगदी निळे. काचेतलं पाणी पकडायचं यंत्र नागपूरला आहे, तिथली तारीख डिसेंबरची मिळाली. म्हणून आता भट्टी तपासते, नायट्रोजनचं सिलिंडर बदललं. पावडर एकदाच ओतण्यापुरती उरली आहे. नवी मागवली तर चार महिने.”

दाणे निळे आहेत हे ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आपल्यामुळं नाही. त्या आधारावर मी ती रात्र काढली आणि सकाळी कवडूला गाठलं.

कवडू कॉलेजच्या मागच्या टपरीवर होता. मी विचारताच त्यानं कप खाली ठेवला.

“गुलाबी झालते, सर. पार गुलाबी. फूल सडून गेलतं. मी सगळं पुसून काढलं, दाणे ओव्हनमधी भाजून निळे करून ठेवले, बरणीले नवी पट्टी गुंडाळली. मॅडम यायच्या आत.”

“अरे, मग तिला सांगितलं का नाहीस?”

“तुमचं नाव आलं असतं न. अन् माह्यं कंत्राट मार्चपर्यंतच आहे. साहेब पाहूनच राह्यले कोनाले काढाव म्हनून.” मग तो म्हणाला, “मले वाटलं, दाणे निळे झाले म्हन्जे झालं.”

त्याच्यावर रागावायला मला तोंड नव्हतं. दाणे निळे झाले, पण ओल पावडरीत जाऊन बसली होती. आणि मोहिनीला जे एकच चिन्ह खरं सांगू शकलं असतं, ते आम्ही पुसून ठेवलं होतं.

त्याच दुपारी मी तिच्या लॅबमध्ये गेलो. सांगायचं ठरवून गेलो. ती भट्टीच्या विटा एकेक काढून पुसत होती, केसांवर पांढरी धूळ.

“सर, बसा ना. चहा सांगू?”

“नको. सहज आलो होतो.”

सहज. मी तिच्याशी पवनारच्या पुलाच्या कामाबद्दल बोललो आणि परत आलो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. रोज सकाळी वाटे आज सांगू. कवडूची नोकरी जाईल, हे कारण मी स्वतःला पुन्हा पुन्हा देत होतो. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. वीस वर्षं ज्या मुलीनं मला सर म्हटलं, तिच्या डोळ्यांत दुसरं काही दिसेल, हे मला सोसवणार नव्हतं. रविवारी मुलांनी विचारलं, “सर, ताईची काच झाली का?” मी म्हणालो, “होईल.”

अठ्ठावीस तारखेला मी सकाळच्या बसनं गेलो. आज काहीही झालं तरी सांगायचं होतं. पोचलो तेव्हा लॅबचं दार आतून लागलेलं होतं. समिती वेळेआधी आली होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या काचेतून भट्टीचा नारिंगी उजेड दिसत होता, आणि मोहिनीची पाठ. मी उठून दार ठोठावू शकलो असतो. अजून पावडर वितळलेली नव्हती. दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. मग तिनं चिमट्यानं मूस उचलली आणि पितळी साच्यात ओतली.

अडीच तासांनी तिघे बाहेर आले. शेवटी भोयर सर. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, तरी मी विचारलं.

“दोन पूर्णांक चार,” ते म्हणाले.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नवमी, मूस, फूल, बरणी, दाणे. मागे दारात मोहिनी उभी होती, हातांत अजून भट्टीचे जाड हातमोजे.

भोयर सरांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे या लॅबमध्ये कोणीही येऊन डबा उघडतं. हे तर आणखी वाईट झालं, गुरुजी. हे मी समितीला कसं सांगू?”

“मी लिहून देतो.”

“द्या.”

मी लिहून दिलं. ते नोंदीला लावलं असं मला कळवण्यात आलं. पहिले तुकडे विकत आणल्याचा आरोप सोडून दिला, त्या जागी निष्काळजीपणा असा शब्द घातला. मुदत वाढवली नाही. डिसेंबरात नागपूरच्या यंत्रानंही पाणी दाखवलं, भरपूर, पण तोवर ते पाहायला कोणी बसलेलं नव्हतं. कवडूचं कंत्राट मार्चची वाट न बघता जानेवारीतच संपवलं. आता तो हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजतो.

मोहिनी त्या दिवशी माझ्याशी एवढंच बोलली. समितीचे लोक जिना उतरून गेल्यावर, मोजे काढत.

“सर, मी घरी आले होते त्या दिवशी सांगितलं असतं तर पावडर पुन्हा सुकवता आली असती. एक क्षार घालून गरम करतात. चार दिवस लागतात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत एखाद्याच्या वहीतली चूक दाखवायची, तशा आवाजात ती बोलली. ती सवय माझीच.

जानेवारीत ती लॅब रिकामी करत होती, तेव्हा तिनं निरोप पाठवून मला बोलावलं. टेबलावर दोन तुकडे होते, नवमीच्या आधीचा आणि नंतरचा. तिनं मला चष्मा दिला, पहिला तुकडा पेटीत ठेवला. तो हिरवा पेटला. मग दुसरा. त्यात एक राखी-हिरवट डाग दिसला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. तो तिनं पाच मिनिटं तसाच ठेवला, लेझर बंद केला आणि तुकडा माझ्या तळहातावर दिला.

तो कोमट होता.

“जेवढं पहिल्याला दिलं तेवढंच यालाही दिलं,” ती म्हणाली. “हा न्या. मुलांना दाखवायला. पहिला मी ठेवते.”

“पुढं काय करशील?”

“नागपूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागते. पुढच्या आठवड्यापासून.” मग म्हणाली, “येत जाईन असं सांगत नाही, सर. जमलं तर.”

ती आलेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तो तुकडा मुलांपुढे ठेवला. पेटी नव्हती, त्यामुळं तो नुसता काचेचा तुकडाच होता. मी त्यांना सगळं सांगितलं, ताईचं, पूजेचं, फुलाचं. गाळलं काही नाही.

मेघा आपल्या हातांकडे बघत होती. “सर, आमच्या ओल्या हातानं झालं का?”

“नाही. हात धुवायला मी सांगितलं होतं. डबा मी उघडला. तुमचं काही चुकलं नाही.”

“पण तुमाले त मंग माहीत झालतं. कवडूकाकानं सांगितलं तवा.”

“हो.”

“मंग ताईले काऊन नाई सांगितलं?”

पडवीत सगळे माझ्याकडे बघत होते. वर्गाचा नियम भिंतीवर लिहिलेला नाही, पण त्यांना तो पाठ आहे.

“भ्यालो,” मी म्हणालो.

रोशन हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्यानं इतरांकडे पाहिलं आणि तो थांबला. मेघानं तुकडा उचलून उन्हात धरला, इकडून तिकडून पाहिला आणि परत फळ्याखाली ठेवून दिला.

“आता कोणता धडा, सर?” तिनं विचारलं.